थंडीत बढाया मारणारा उंचीमापक

"प्रोकोपी काका, तुमचं हे यंत्र खोटं बोलतं, तर मग तुम्ही ते काढून फेकून का देत नाही?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता, आणि तो अगदी माझ्या तोंडावर विचारला गेला. विचारणारी होती तुयारा, तास-कुयोल गावच्या शाळेत नववीत शिकणारी. तिच्या मागे, विमानाच्या दारात, तिच्या मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांच्यातल्या सायानानं लावली होती. विचारून दाखवलंस तर माझ्या वाटणीचे सायीचे गोळे तुझे, असं ती म्हणाली होती. घट्ट साय घुसळायची, तीत रानातली आंबट लाल बोरं मिसळायची आणि गोळे करून अंगणात ठेवून द्यायचे, की घटकाभरात त्यांचे दगड होतात. आमच्या याकुतियात, उत्तरेकडच्या या गोठलेल्या मुलखात, या गोळ्यांसाठी मुली अस्वलाच्या गुहेतसुद्धा डोकावून येतील. मग वैमानिकाला एक प्रश्न विचारणं म्हणजे काय मोठंसं?

पण तुयारासाठी ते मोठंच होतं. वर्षभरापूर्वीपर्यंत ही मुलगी बाईंनी नाव विचारलं तरी शेगडीकडे बघून सांगायची. मग तिला खोमुस सापडलं. खोमुस म्हणजे दातांशी धरून बोटानं छेडायचं लोखंडी वाद्य. ते वाजवता वाजवता तिचा आवाज मोकळा झाला, आणि एकदा मोकळा झाल्यावर काही केल्या थांबेना. घरी, शाळेत, गोठलेल्या तळ्यावर, सगळीकडे तुयाराच तुयारा!

तर मी एक जुना उंचीमापक आहे. विमान जमिनीपासून किती वर आहे ते सांगणं हे माझं काम. गोल काळा चेहरा, पांढरे आकडे, दोन काटे आणि कोपऱ्यात काचेला गेलेला एक बारीक तडा, असं माझं रूप. तुयाराच्या त्या आगाऊ प्रश्नाचा मला मुळीच राग नाही. उलट मी त्याचा ऋणी आहे, कारण पुढे त्याच प्रश्नामुळे एक विमानभर माणसं डोंगरावर आदळण्यापासून वाचली. पण ती गोष्ट सांगण्याआधी माझ्या लहानपणाबद्दल थोडं सांगू द्या. जुन्या वस्तूंना ती एक खोडच असते.

माझा जन्म इथून फार दूर पश्चिमेला, एका रुंद नदीकाठच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक हवाबंद डबी आहे. ती बसवणाऱ्या बाईंनी त्या वेळी श्वास रोखून धरला होता, कारण नुसत्या फुंकरीनंही ती जागेवरून हलली असती. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. पण माझं सगळं आयुष्य त्यांच्या त्या रोखलेल्या श्वासावर चाललं, म्हणून पहिले आभार त्यांचे. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की ती डबी फुगते, वाढला की दबते, आणि तिच्या हालचालीनं माझे काटे फिरतात. वर जावं तशी हवा विरळ होते, दाब घटतो, डबी फुगते आणि मी उंची सांगतो. बस्स, एवढीच माझी विद्या.

या विद्येत एक गोम होती. ज्यांनी माझ्या चेहऱ्यावर आकडे आखले, त्यांनी जगाबद्दल एक समजूत धरली होती. समुद्राकाठी पंधरा अंशांची छान ऊब असणार आणि वर जाताना ठराविक मापानं गारवा वाढत जाणार, अशी ती समजूत. त्यांचं काय चुकलं? काहीतरी धरून चालावंच लागतं.

माझी पहिली वर्षं दक्षिणेत, सूर्यफुलांच्या शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानात गेली. तिथलं जग त्या समजुतीच्या जवळपास होतं. मी सांगे ते लोक मानत आणि माझी काच रोज मऊ फडक्यानं पुसत. भर उन्हाळ्यात तर मी चक्क विनयशील होई. हवा तापून फुगलेली असे, विमान खरं तर वर असे आणि मी मात्र थोडं कमीच सांगे. विनयाचं कुणाला काय नडतं?

मग आमच्या विमानाची बदली इथे झाली. दोन मजली पंखांचं, एकाच इंजिनाचं, घरघर करणारं ते विमान; लोक लाडानं त्याला आन्नुष्का म्हणत. हिवाळ्यात त्याला चाकांच्या जागी घसरपाट्या लावत, म्हणजे ते गोठलेल्या तळ्यावर उतरे. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात माझी अब्रू गेली. मी म्हणे हजार मीटर, आणि खालची झाडं बघावीत तर नको इतकी जवळ. तेव्हाचा वैमानिक माझ्या काचेवर बोटानं टकटक करून शिव्या देई. अशाच एका टकटकीत तो तडा गेला. त्यानं मला दुरुस्तीला पाठवलं, तिथल्या लोकांनी मला उघडून पाहिलं आणि यात काही बिघाड नाही असं सांगून परत पाठवलं. मित्रांनो, बिघाड नसतानाही आपण चुकतो आहोत, यासारखं दुःख नाही. त्या दिवसांत मला सूर्यफुलांची फार आठवण येई.

नंतर प्रोकोपी आला. इथलाच, साखा जमातीचा माणूस, बुटका, गोल चेहऱ्याचा, टोपीच्या कानपट्ट्या कायम फडफडत्या. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, की म्हाताऱ्या, तुझं दुखणं मला ठाऊक आहे, आपलं जमेल. आणि खरंच जमलं. निघण्याआधी तो धावपट्टीवरच्या खोलीतल्या शेगडीला धिरड्याचा तुकडा खाऊ घाली, कारण अग्नीला दिल्याशिवाय इथे कुणी प्रवासाला निघत नाही. मग आत येऊन हातमोज्यानं माझी काच पुसे, आणि मग माझ्या चुकीचा हिशेब करी. रोज, न चुकता, न चिडता.

तुयारानं तो प्रश्न विचारला तेव्हा तो हाच हिशेब करत होता. मैत्रिणींना वाटलं, आता हा ओरडणार. दुसरा वैमानिक रोमान तर आधीच हसायला लागला होता. प्रोकोपी म्हणाला, इकडे ये, बस माझ्या जागेवर.

तुयारा बसली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सुचवलं, की म्हाताऱ्याला थंडी वाजते म्हणून तो चुकत असेल, तर त्याला केसाळ टोपी घाला. सायाना म्हणाली, माझा हातमोजा घ्या. आणि त्या मुलींनी खरोखरच माझ्यावर हातमोजा चढवला. मला आयुष्यात कुणी काही घातलं असेल तर ते तेवढंच.

प्रोकोपीनं तो हसत हसत काढला. "याला कुठली थंडी? हा आत माझ्यासोबत उबेत बसतो. थंडी बाहेरच्या हवेला वाजते. तुझ्या आजीकडे घोड्याच्या कातड्यांची चळत आहे ना?"

होती. आढ्याला टेकेल एवढी.

"कातडी फुललेली असली तर चळत आढ्याला टेकते. त्यावर चार जण बसून उठले, की तीच चळत कमरेएवढी होते. कातडी कमी झाली का?"

"नाही. दबली."

"मग हेच. हा म्हातारा चळतीची उंची बघत नाही. आपण किती कातडी चढून आलो तेवढं मोजतो, आणि प्रत्येक कातडं फुललेलंच आहे असं धरून उंची सांगतो. आपल्याकडे हवा थंडीनं दबून बसलेली असते. मोजणी बरोबर, उंची चूक. आपण असतो खाली आणि हा सांगतो वर. थंडी जितकी कडक, तितकी याची बढाई मोठी."

तुयारानं विचारलं, की मग जमिनीवर असतानाही हा चुकतो का? प्रोकोपीला तो प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त आवडला. जमिनीवर नाही, तो म्हणाला. ज्या गावी उतरायचं तिथला दाब रेडिओवर विचारून मला लावायचा, की त्या गावच्या जमिनीवर मी बरोबर शून्य दाखवतो. तिथून जसजसं वर जावं तसतशी माझी बढाई वाढते. म्हणून दाबासोबत त्या गावची थंडीही विचारायची, तक्ता बघायचा आणि बढाई जेवढी असेल तेवढं जास्त चढायचं. तास-कुयोलच्या वाटेवर जो डोंगर आहे, त्याची खिंड गावापेक्षा नऊशे मीटर उंच. ती ओलांडायला खरे हजार हवेत. थंडी चौतीस असेल तर माझा काटा बाराशेच्या थोडा पुढे जाईपर्यंत चढायचं. थंडी पन्नास असेल तर तेराशेपर्यंत. आणि इथे थंडी चौतीस म्हटलं की ती शून्याखालचीच, हे काही सांगावं लागत नाही.

"मग फेकून का देत नाही, ते राहिलंच," तुयारा म्हणाली. पैज अर्धवट जिंकून तिला चालणार नव्हतं.

"अगं, याची चूक मला पाठ आहे. नवा आणला तर तोही हेच करणार, कारण चूक याची नाहीच. ज्याची चूक आपल्याला नीट माहीत आहे, त्याच्याइतका भरवशाचा सोबती नाही."

मित्रांनो, माझ्याकडे डोळे नाहीत म्हणून बरं. माझी काच आतून धुरकट झाली असती.

सायानानं गोळे दिले, कुरकुरत दिले, आणि त्यातला एक परत मागून घेतला. त्या दिवसापासून आन्नुष्का तळ्यावर उतरली की तुयारा धावत येई आणि माझ्या बढाईचा हिशेब तीच करी. रोमान तिला हिशेबनीस बाई म्हणून चिडवी. तिला ते चिडवणं आवडे असं मला वाटतं, कारण ती आणखीच मोठ्यानं आकडे म्हणून दाखवी.

आता गावातल्या दोन थर्मामीटरांची गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं.

तास-कुयोलला खरी थंडी मोजायचं काम तुयाराच्या आईकडे, मात्र्योनाकडे होतं. तळ्याच्या पलीकडे, उघड्यावर, चार पायांवर एक पांढरी झडपांची पेटी उभी होती. तिच्यात तो खरा थर्मामीटर असे. मात्र्योना तो वाचून फोनवर नवऱ्याला सांगे. नवरा निकीफोर धावपट्टीवरच्या खोलीत रेडिओ सांभाळी. दाब मोजायचं यंत्र त्याच्याच भिंतीवर होतं. दाब त्याचा, थंडी बायकोची, आणि दोन्ही मिळून आमच्या कानी येत.

दुसरा थर्मामीटर शाळेचा. पारा फार खाली गेला की लहानांना सुट्टी आणि पन्नासच्या खाली गेला की मोठ्यांनाही, असा नियम. मुख्याध्यापक गाव्रील सरांना रिकामी शाळा बघवत नसे. घरी बसून मुलं करतात काय, इथे निदान गरम रस्सा तरी मिळतो, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी शाळेचा थर्मामीटर बॉयलरच्या खोलीच्या भिंतीवर, गरम पाण्याच्या नळाशेजारी ठोकला होता. गाव गोठून कडकडत असो, शाळेचा पारा पस्तिशीच्या खाली जातच नसे. मुलं म्हणत, आपल्या शाळेचं हवामानच वेगळं. गावाला हे माहीत होतं आणि गावाला ते चालतही होतं. इतकं चालत होतं, की घोडे सोडायचे का, मासे धरायला जायचं का, सगळं लोक त्याच पाऱ्याकडे बघून ठरवत आणि मनात पंधरा वजा करून घेत. गावात राहणाऱ्याला ती वजाबाकी जमते. आकाशात असणाऱ्याला कशी जमणार?

ऐन हिवाळ्यात तालुक्याच्या गावी खोमुसच्या स्पर्धा होत्या. तुयारा, सायाना आणि बाकीच्या मुली आन्नुष्कातून गेल्या आणि दुसरा क्रमांक घेऊन परत निघाल्या. मागे लोखंडी बाकांवर मुली, टपालाच्या थैल्या आणि गोठलेल्या माशांच्या पेट्या. पहिल्या क्रमांकाच्या मुलीचं खोमुस कसं बेसूर होतं, यावर त्यांचं एकमत झालं होतं. तुयारा मात्र सवयीनं पुढे येऊन आमच्या दोन आसनांच्या मधे उभी राहिली होती.

डोंगराच्या अलीकडे प्रोकोपीनं तास-कुयोलला हाक मारली. खिंडीत त्या दिवशी बर्फाची दाट धूसर हवा भरलेली होती. पंखाचं टोक दिसेना. फार वर जावं तर समोरून असा वारा येई की इंधन अर्ध्या वाटेत संपावं. म्हणून प्रोकोपी नेहमी लागेल तेवढीच उंची घेई, थोडी शिल्लक धरून. त्या दिवशी सगळं माझ्या काट्यावर होतं. दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ होता, तोही माझ्याइतकंच सांगत होता. आम्ही दोघं एकमेकांशी अगदी जुळत होतो, म्हणजे आम्ही खरेच असणार असं कुणालाही वाटावं. पण आम्ही एकच चूक दोघं मिळून करत होतो. जमिनीला साद घालून उंची मोजणारं आणखी एक यंत्र आमच्या शेजारी होतं, पण त्याला फक्त पायाखालचं कळे. समोरून येणारा कडा त्याला कळला असता तेव्हा उशीर झाला असता.

रेडिओवर निकीफोरचा आवाज आला. दाब सांगितला. थंडी चौतीस म्हणाला.

"वा, गावाकडे वसंत आलेला दिसतो," रोमान म्हणाला, आणि त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं. बाराशेच्या थोडं पुढे. प्रोकोपीनं दाब माझ्यात फिरवला आणि विमान चढवायला लागला.

तुयारानं या वेळी आकडे मोठ्यानं म्हटले नाहीत. ती कधी गप्प नसते, म्हणून मला ते लगेच जाणवलं. ती तालुक्याला गेली त्या सकाळी आईच्या पेटीतला आकडा पन्नासला टेकला होता आणि थंडी सैल व्हायचं काही चिन्ह नव्हतं. चौतीस हा आकडा तिनं ओळखला होता. शाळेच्या वाटेवर ती तो रोज बघत असे. पण तो आकडा सांगत होते तिचे बाबा. बाबा चुकले असं म्हणायचं, तेही रोमानसमोर, सगळं विमान ऐकत असताना! आणि बाबांच्या खोलीच्या खिडकीतून शाळेची ती भिंत दिसते, हेही तिलाच ठाऊक होतं.

काटा अकराशेवर आला. समोर सगळं पांढरं.

"काका, ती थंडी शाळेची आहे," ती म्हणाली.

रोमान हसला. "हिशेबनीस बाई, तुम्ही इथे आणि थंडी तिथे. इथून दिसली तुम्हाला?"

"आईचा आकडा असा नसतो. हा बॉयलरच्या भिंतीचा आहे. बाबांना खिडकीतून तोच दिसतो." तिचा आवाज इतका मोठा होता, की मागे मुलींचं बोलणं थांबलं.

प्रोकोपीनं रोमानकडे पाहिलं नाही. त्यानं रेडिओ उचलला. "निकीफोर, आकडा मात्र्योनाचा की गाव्रीलचा?"

रेडिओ नुसता खरखरला. मग निकीफोर म्हणाला, "गाव्रीलचा. फोनची तार तुटली आहे, प्रोकोपी. तुम्ही हवेत, म्हणून रेडिओ सोडून तळ्यापलीकडे जाता येईना. म्हटलं, विमानाला दाब महत्त्वाचा."

थंडीत तारही आखडते, मित्रांनो, आणि ताणून बांधलेली असली तर तुटते. त्या दिवशी थंडीनं सगळ्यांनाच आखडलं होतं, हवेला, तारेला आणि निकीफोरच्या विचारालाही.

"दार उघड," प्रोकोपी म्हणाला. "बाहेर उभा राहा आणि श्वास सोड. आवाज येतो का सांग."

आमच्याकडे थंडी पन्नासच्या खाली गेली, की तोंडातून निघालेली वाफ तिथल्या तिथे गोठते आणि कानाशी बारीक सरसर ऐकू येते, कुणी धान्य ओतावं तशी. ती सरसर कुठल्याही बॉयलरला खोटी पाडता येत नाही.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. प्रोकोपी वाट बघत नव्हता. त्यानं आधीच आन्नुष्काचं नाक वर उचललं होतं.

"येतो," निकीफोर म्हणाला. "स्वच्छ येतो. आवाज येतो रे, प्रोकोपी."

प्रोकोपीनं माझा काटा तेराशेच्या पुढे नेला, आणि वर आणखी थोडा. इंजिन कण्हत होतं. सायानानं मागून तुयाराचा कोट धरून ठेवला होता. मग खिंडीवर तो पांढरा पडदा क्षणभर फाटला आणि खाली ते जुनं झाड दिसलं, ज्याला पायी आणि घोड्यावरून जाणारे लोक चिंध्या बांधतात, डोंगरानं सुखरूप जाऊ द्यावं म्हणून. आम्ही इतके चढूनही त्या चिंध्यांचे रंग ओळखू येत होते. लाल, निळा, पिवळा. बाराशेवर राहिलो असतो तर काय झालं असतं, हे ते रंगच सांगत होते. रोमाननं तक्त्यावरचं बोट काढून घेतलं आणि हात मांडीखाली दाबून बसला.

प्रोकोपीनं खिडकी बोटभर सरकवली आणि धिरड्याचा तुकडा डोंगराला दिला. नेहमी तो एक देतो. त्या दिवशी सगळी पिशवी दिली.

तळ्यावर उतरलो तेव्हा मी बरोबर शून्य दाखवत होतो. निकीफोर बर्फात उभा होता, टोपी हातात, कान लाल. अशा थंडीत टोपी काढणं म्हणजे कान गमावणं. प्रोकोपीनं ती टोपी त्याच्या हातातून घेतली, त्याच्या डोक्यावर दाबून बसवली आणि म्हणाला, "तुझा श्वास कामाला आला बघ." रोमाननं तुयाराची पिशवी घरापर्यंत वाहिली. मला विचाराल तर तेवढं पुरे.

गाव्रील सरांनी त्याच संध्याकाळी हातोडी घेऊन आपला थर्मामीटर स्वतः काढला. दुसऱ्या दिवशी शाळेला खरीखुरी सुट्टी लागली आणि मुलांनी तुयाराला खांद्यावर घेतलं. त्यांना विमानाचं काही नव्हतं, सुट्टीचं होतं.

वसंतात आन्नुष्काची मोठी दुरुस्ती झाली. माझ्या जागी नवा, बिनतड्याचा भाऊ बसला. मला स्क्रू आणि वायसरांच्या डब्यात टाकलं. तिथे अंधारात पडून मी सूर्यफुलं आठवली नाहीत. मी प्रोकोपीचा हातमोजा आठवला. काही दिवसांनी तोच हातमोजा डब्यात शिरला आणि त्यानं मला उचललं. प्रोकोपीनं रीतसर परवानगी काढून मला तुयाराकडे आणून दिलं.

आता मी तिच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर असतो. घर जागेवरून हलत नाही, तरी वादळ यायचं असलं की दाब उतरतो आणि मी घराला वीस-तीस मीटर वर उचलतो. तुयारा म्हणते, चला, आज आपण डोंगरावर राहायला आलो. मात्र्योना मात्र ते बघून वाळत घातलेले मासे आत घेते. म्हणजे मी अजून उपयोगाचा आहे. याहून जास्त कुणी काय मागावं?

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं घड्याळ असेल, एखादा वजनकाटा असेल, कदाचित एखादं माणूसही असेल, जे थोडं चुकतं. लगेच फेकू नका. ते कुठे चुकतं, कशानं चुकतं, किती चुकतं, हे आधी शिकून घ्या. त्याची काच पुसा. माझ्यासाठी एवढं केलं एका बुटक्या वैमानिकानं आणि एका आगाऊ मुलीनं, आणि म्हणून माझं आयुष्य सार्थकी लागलं.

पण घरात एक जण होता ज्याची काच कुणी पुसली नव्हती. खिंडीतल्या त्या दिवसापासून निकीफोर रेडिओवर लागेल तेवढंच बोले, तेही आकडा दोनदा विचारून घेऊन. एका संध्याकाळी, टेबलावर माशाचा रस्सा वाफाळत असताना, तो बायकोला सांगत होता की तालुक्याला निरोप पाठवला आहे, माझ्या जागी दुसरा माणूस द्या म्हणून; ज्याच्या शब्दावर विमानं चालतात तो माणूस खिडकीतून आकडे बघणारा नसावा. मात्र्योनानं नुसती त्याच्यापुढे भाकरी सरकवली.

तुयारानं माझ्याकडे पाहिलं. मग चमचा खाली ठेवला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शाळा संपली की मी विमान चालवायला शिकायला जाणार."

मात्र्योनाचा हात भाकरीवरच राहिला. निकीफोर म्हणाला, जा की, तुला कोण अडवणार.

"आणि तुम्ही रेडिओ सोडायचा नाही, बाबा. मी तो डोंगर ओलांडून घरी येईन, तेव्हा खालून मला तुमचाच आवाज पाहिजे. थंडी आईला विचारून सांगा. तार तुटली तर दार उघडून श्वास सोडा. पण बोलायचं तुम्हीच. तेही मी ठरवलंय."